पानांची संध्याकाळ

४ फेब्रुवारी, मंगळवार

पालक नापास झाला. शाळेत असताना हे वाक्य ऐकायला कितीतरी मुलं आतुर होती. ते माझ्या वाट्याला आलं ते आज, आणि भाजीच्या संदर्भात.

बालआहाराच्या कारखान्यातून तपासनीस बाईंचा फोन होता. तान्ह्या मुलांच्या खाण्यात घालायला त्यांना पालकाची पानं हवी आहेत, वर्षभर, दर आठवड्याला. आमच्या पानांत नायट्रेट मर्यादेहून जास्त निघालं. नायट्रेट म्हणजे झाडानं मुळांतून ओढलेलं, पण अजून न पचवलेलं नत्र. मोठ्यांना त्याचं फारसं काही नाही, तान्ह्यांच्या रक्ताला ते झेपत नाही. बाईंनी आणखी दोन नमुने पाठवायची मुभा दिली आहे. महिनाअखेरपर्यंत पास झालो तर करार. नाहीतर त्या दुसरा मळा बघणार, आणि आमचा मळा ज्या तळघरात आहे त्याचा मालक ते गोदामाला देऊन टाकणार. करार दाखवलात तरच पुढचं वर्ष, असं त्यानं नव्या वर्षाच्या शुभेच्छांसोबतच सांगून ठेवलं आहे.

या वहीत पुढेमागे मीच गोंधळायला नको, म्हणून लिहून ठेवते. मळा तिघांचा. धाकटा, म्हणजे माझा भाऊ. दिवे बसवण्याचं काम करतो. दुकानं, दवाखाने, नाटकगृहं, जिथे अंधार तिथे हा शिडी घेऊन हजर. आमच्या घराण्यात खरोखर दिवे लावणारा हा एकटाच. धाकटी त्याची बायको, चष्म्याच्या दुकानात काचा घासते. आणि मी. शाळेनं संस्कृत बंद केलं तेव्हा सोबत मलाही बंद केलं. त्याच वर्षी आई गेली. ऑगस्टात दोघं दारात उभे राहिले. "ताई, बंद पडलेल्या छापखान्याचं तळघर मिळतंय. दिव्यांखाली पालेभाजी करू म्हणतो. पण तुझ्याशिवाय नाही जमणार."

"मला झाडातलं काय कळतं? फार तर नावांची व्युत्पत्ती सांगेन."

"तेवढी पुरे," म्हणाला.

नाही कसं म्हणणार? पोराचा जीव त्यात अडकलेला दिसत होता. त्याच्यासाठी म्हणून मी पडले यात. दोघांच्या नोकऱ्या, त्यामुळे पेरणं, पाणी, खताचं द्रावण, कापणी, सगळं माझ्याकडे. दिवे तेवढे त्याच्याकडे. ते संध्याकाळी सातला लागतात आणि सकाळी सातला विझतात. रात्रीची वीज स्वस्त असते, असं तो म्हणतो.

पाठ दुखते आहे. आणि हे बंद झालं तर मी पुन्हा त्या दोन खोल्यांत, भिंतीवरच्या घड्याळासमोर. पण तो विचार आज नको.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तपासनीस बाईंना मीच फोन केला. नापास विद्यार्थ्याचे पालक येतात तशी, पडलेल्या आवाजात.

"कधी कापता?" त्यांचा पहिला प्रश्न.

"सकाळी अकराला. तुमची गाडी बाराला येते ना."

"मग तेच. पान रात्रभर मुळांकडून नत्र घेत राहतं आणि साठवतं. पचवता येत नाही, कारण त्याला उजेड लागतो, साखर लागते. उजाडलं की कामाला लागतं. सकाळी कोठार भरलेलं, मावळतीला उतरलेलं. तुम्ही भरल्या कोठारावर कात्री चालवताय."

"म्हणजे संध्याकाळी कापू?"

"संध्याकाळी. दिवस मावळताना, अगदी शेवटच्या उजेडात."

मला हे फार पटलं. म्हणजे पान हा एक कारकून आहे. रात्रभर टेबलावर कागद येऊन पडतात, साहेब आल्याखेरीज सही नाही. साहेब पूर्वेकडून येतात, मग दिवसभर निपटारा. मी तसं म्हटलं तर बाई हसल्या. कोरड्या आहेत, पण गळतात थोड्या.

"मग रात्री तो कारकून खातो काय?"

"दिवसा केलेली साखर पिठासारखी साठवतो आणि रात्री पुरवून पुरवून खातो. उजाडेपर्यंत बरोबर पुरेल अशी."

"रात्र किती लांब आहे, हे त्याला कसं कळतं?"

"तीच तर गंमत आहे. त्याचं त्याला कळतं."

एवढं पालकाच्या पानाला कळतं. माझी झोप मध्यरात्रीच संपते, पुढची रात्र नुसती कोरडी काढायची.

धाकट्याला निरोप दिला: यापुढे कापणी संध्याकाळी, दिवस मावळताना.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आठला धाकटीचा फोन. हा फोन ठरलेला.

"ताई, झोप लागली का?"

"नाही गं."

"बरं. चहा घेतलात?"

बस. इतकंच. रोज. हवामानखात्यानं सुद्धा एवढ्या निष्ठेनं चौकशी केली नसेल. मी एकदा म्हटलंसुद्धा, "अगं, झोप लागली की मीच फोन करीन, तुझा खर्च वाचेल." तर म्हणाली, "करा हं, ताई. कितीही वाजले असले तरी करा." चेष्टा कळत नाही तिला.

आईची शेवटची चार वर्षं मी तुकड्यातुकड्यांत झोपले. ती रात्री हाक मारायची, "आहेस का गं?" मी म्हणायचे, आहे. झालं तिचं काम. आता हाक येत नाही, पण त्या वेळेला डोळा उघडतो तो उघडतोच. अंधाऱ्या खोलीत पडून राहण्यापेक्षा मी दोन गल्ल्या ओलांडून तळघरात जाते. तिथे लख्ख उजेड असतो, पंखे गुणगुणत असतात, रांगेनं हिरवी पानं उभी असतात. वर्गासारखं वाटतं, फरक इतकाच की कुणी मागच्या बाकावरून हसत नाही.

ऑक्टोबरात धाकट्यानं तिथे आरामखुर्ची आणून ठेवली. वर एक जाड पांघरूण.

"मळ्यात आरामखुर्ची कशाला रे?"

"पंपावर लक्ष ठेवायला कुणी हवं ना."

"पंप बंद पडला की तुझ्या फोनवर घंटी वाजते, तूच सांगितलंस."

"घंटीच बिघडली तर?"

ज्याचा धंदा यंत्रांचा, त्याचा यंत्रांवर एवढा अविश्वास. गिऱ्हाइकांनी हे ऐकू नये म्हणजे झालं.

नवी पानं जरा फिकी वाटली. द्रावण थोडं वाढवलं. उपाशी कुणी राहू नये, इतकंच मला झाडातलं कळतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरा नमुना गेला.

धाकट्यानं अर्धी रजा काढली, धाकटी दुकानातून लवकर निघाली. तिघं कात्र्या धुऊन, केस टोप्यांत कोंबून साडेपाचपासून सज्ज. तळघराला छताशी एक झरोका आहे, त्यातून समोरच्या भिंतीवरचं ऊन दिसतं. ते तांबूस होईपर्यंत मी कुणाला हात लावू दिला नाही. आत काळोख. धाकट्यानं कपाळाला विजेरी बांधली होती.

"ताई, काही दिसत नाही. मोठे दिवे लावतो ना."

"खबरदार! बाई म्हणाल्यात मावळताना. तू दिवे लावलेस की झालं उजाडलं."

"बोट कापलं तर?"

"तर ते पाकिटात जाऊ देऊ नकोस. तान्ह्या मुलांचा माल आहे."

धाकटी हसली. बऱ्याच दिवसांनी. अंधारात चाचपडत कापलं. पानं हाताला गार आणि जरा मरगळलेली लागली, साखरझोपेतून उठवलेल्या पोरांसारखी. गाडी साडेसहाला येऊन घेऊन गेली. तिला पाठवण्यासाठी बाईंनी चालकाची मनधरणी केली म्हणे.

सातला दिवे आपोआप लागले, तेव्हा आम्ही तिघं रोपांच्या रिकाम्या ताटल्यांसमोर चहा पीत बसलो होतो. मला उगाच वाटलं, जमलं यावेळी. थकवासुद्धा बरा वाटला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पहिल्यापेक्षा वाईट. मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट.

बाईंना काही उमगेना. "सांगितलं तसंच केलंत?"

"शब्दशः," मी म्हटलं. आणि शब्दशः करण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

"गुरुवारी येऊन बघते," म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यानं जास्त लागलं.

धाकट्याला फोनवर सांगितलं तर "असू दे" म्हणाला. बातमी जणू शेजारच्या गल्लीतली. संध्याकाळी तळघराच्या जिन्यावर होते, तर आत दोघं बोलत होती. धाकटी म्हणाली, "किती ओढायचं हे? तुमच्या डोळ्यांखाली बघा. दिवसभर नोकरी, मग हे."

"बंद करून टाकलं तर ताईचं काय?"

"तेही आहेच."

मी दोन पायऱ्या वर जाऊन, खोकून, मग खाली उतरले. कळलं मला. मला कामाला लावलं आणि आता ते वाया जातंय, याची त्याला टोचणी लागली आहे. भिडस्त पोरगा. त्याच्या डोळ्यांखाली खरंच काळं आलं आहे. तेव्हा मी ठरवलं: आपण खचायचं नाही. मी हात टाकले तर त्यानं बघायचं कुणाकडे?

खचायचं नाही हे ठरवायला मात्र खुर्चीत बसावं लागलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आजचा दिवस नीट लिहिला पाहिजे. हात जड आहे, पण लिहिते.

तपासनीस बाई दुपारी तीनला आल्या. माझ्याच वयाच्या, बुटक्या, गळ्यात चष्मा, हातात शीतपेटी. जिना उतरल्या आणि शेवटच्या पायरीवर थबकल्या.

"वीज गेलीय का?"

"नाही. का?"

"दिवे बंद आहेत."

"दुपारी बंदच असतात. सातला लागतात."

"सकाळी सातला लागून दुपारी बंद?"

"संध्याकाळी सातला लागतात. सकाळी विझतात."

चष्मा डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे पाहिलं, पानांकडे पाहिलं. मग चाचपडत माझ्या आरामखुर्चीत बसल्या आणि पेटी मांडीवर घेऊन हसायला लागल्या. अंगभर, आवाज न करता.

"तुम्ही संध्याकाळी कापलंत."

"दिवस मावळताना. झरोक्यातून बघून."

"अहो, पण कुणाचा दिवस?"

मग सगळं एकदम अंगावर आलं. त्या अंधारात, विजेऱ्या बांधून, मावळतीची वाट बघत आम्ही तिघं शहाणी... आणि ती पानं रात्रभर नत्र साठवून, साखर संपत आलेली, उजाडायची वाट बघत उभी. त्यांची ती पहाट होती. भरल्या कोठारावर बरोबर मुहूर्त साधून कात्री चालवली. वर दिवे लावायला निघालेल्या भावाला मीच दटावलं.

"त्यापेक्षा आधीचं अकराचं बरं होतं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "तेव्हा बिचाऱ्यांची रात्र नुकती कुठे सुरू झाली होती. चूक माझीही आहे. दिव्यांखाली पिकवता हे माहीत होतं, पण बाकी सगळे दिवसाच लावतात. हे रात्रीचं कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"भावाच्या. रात्रीची वीज स्वस्त असते ना."

"कुठे? आमच्या कारखान्याला रात्रंदिवस एकच दर आहे. माझ्या घरीसुद्धा."

कारखान्यांचं वेगळं असेल.

मग त्या कामाला लागल्या. पानं चुरगाळून रसात नायट्रेट दाखवणारी पट्टी बुडवून पाहिली, द्रावणाची टाकी पाहिली. "आणि हे खाऊ घालणं कमी करा. तुम्ही अगदी आईसारखं भरवताय. शेवटचे दिवस द्रावण बंद, नुसतं पाणी. आतली साठवण त्यांना संपवू दे. जरा फिकी पडतील. पडू देत."

मी हो म्हटलं. पण ते शब्द मी आधी ऐकलेले आहेत. आईच्या वेळी डॉक्टरांचे, आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. आता भरवू नका, चमच्यानं नुसतं पाणी. तेव्हाही मी हो म्हटलं होतं.

ठरलं ते असं: मंगळवारी सकाळी, दिवे विझायच्या आधी, म्हणजे पानांच्या संध्याकाळी, तिसरा आणि शेवटचा नमुना कापायचा. गाडी त्या एका दिवशी सकाळी सातला येईल. "पण एकदाच," बाई म्हणाल्या. "करार झाला तर दर आठवड्याच्या मालाची गाडी वेगळी, ती संध्याकाळीच फिरते. दिवे दिवसा लावायचे, संध्याकाळी कापायचं. एवढी एकच अट. त्यात अवघड काही नाही, घड्याळ फिरवायचं."

अवघड काहीच नाही. मी निश्चिंत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटा नाही म्हणतो.

संध्याकाळी आल्याआल्या मी त्याला सगळं सांगितलं. पहाटेच्या कापणीवर तो हसला, अगदी शिडीला धरून हसला. मग अट सांगितली आणि त्याचा चेहरा मिटला.

"दिवे रात्रीच राहू देत."

"अरे, का पण? वीज इतकी स्वस्त आहे का की करार सोडावा?"

"आहे."

"बाई म्हणतात एकच दर असतो."

"त्यांना काय माहीत."

"धाकट्या, याच करारासाठी सहा महिने रक्त आटवतोयस तू."

तो तारांचं भेंडोळं उगाच सोडवत राहिला. मग म्हणाला, "तुला झोप लागते का रात्री?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. सहज."

"विषय बदलू नकोस."

"मग नको करार," म्हणाला आणि वर निघून गेला. पस्तिशी ओलांडलेला माणूस, पण लहानपणी खेळण्यातली मोटार कुणी मागितली की जसा जिना चढायचा तसाच.

धाकटी मागे राहिली होती. तिला म्हटलं, "तू तरी समजाव." ती पानांकडे बघत म्हणाली, "मी नाही सांगणार, ताई. याबाबतीत मी त्यांच्या बाजूनं आहे." दोघंही एकेका दिव्याच्या खांबासारखी.

पालक पास झाला तरी मळ्याचा मालक नापास. उद्यापासून नुसतं पाणी. खरं तर हात चालत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

काल द्रावण बंद केलं. संध्याकाळपर्यंत जुनी पानं पिवळसर वाटायला लागली, किंवा मला वाटलं. टाकीजवळ उभी राहिले आणि झाकण हातात घेतलं. एक मापटं टाकलं तर कुणाला कळणार होतं? झाकण परत लावलं आणि मनाशी म्हटलं, आज रात्री इथे यायचंच नाही. आले तर भरवीन.

आईला शेवटी भरवलं होतं मी. डॉक्टर गेल्यावर, दोन चमचे. तिनं गिळलं नाही. तिचा राग आला होता मला. इतकंच.

म्हणून काल घरीच राहिले. दिवा मालवून पडले. ठरलेल्या वेळी डोळा उघडला. अंधार होता. पानं तिकडे उजेडात आपापलं साठवलेलं पचवत असतील, त्यांना माझी गरज नाही, असं काहीतरी मनात आलं. कुणी हाक मारत नव्हतं. त्यानंतरचं आठवत नाही.

जाग आली ती धाकटीच्या फोननं.

"ताई, झोप लागली का?"

"अगं, तूच उठवलंस. आठ वाजले?"

मला वाटलं फोन कटला.

"म्हणजे लागली?"

"लागली बहुतेक. कंटाळ्यानं असेल. सूर्यवंशी झाले मी."

तिनं फोन ठेवूनच दिला. पाच मिनिटांनी धाकट्याचा. रविवारी हा दहाच्या आत कुणाशी बोलत नाही.

"खरंच झोपलीस?"

"हो रे बाबा."

"सलग?"

"तुम्हा दोघांना दुसरे उद्योग नाहीत का?"

आवाज जरा चिरका लागला त्याचा. सर्दी झाली असावी. तळघरात गारवा फार आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

काल रात्रीही घरीच. चार तास तरी लागली. पानं फिकी आहेत, पण ताठ. मी लांबूनच पाहते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सहाला तिघं तळघरात. बाहेर अजून काळपट होतं, आत लख्ख दुपार. नाही, संध्याकाळ. सत्तावीस वर्षं काळ शिकवले, वर्तमान, भूत, भविष्य, पण 'आत्ता किती वाजले' याचं उत्तर कुणाला विचारलं यावर अवलंबून असतं, हे आत्ता शिकले.

कोवळी, फिकट हिरवी पानं. कात्री लागली की करकर वाजत होती. दोन आठवड्यांपूर्वी अंधारात कापलेल्या त्या मरगळलेल्या पानांचा आणि यांचा एकच वंश आहे, हे सांगून खरं वाटू नये. धाकटी एक पान चावून म्हणाली, "ताई, गोड आहे." मीही खाल्लं. गोड होतं. दिवसभराची साखर.

गाडीचा चालक जांभया देत आला, पेटी घेऊन गेला. सातला दिवे विझले. आम्ही काळोखात तसेच उभे राहिलो. कुणीच विजेरी लावली नाही.

"झाली त्यांची रात्र," धाकटा म्हणाला.

करारावर पुन्हा बोलले नाही. पास झाल्यावर बघू. नापास झालो तर प्रश्नच नाही. माझं मन आता कशावरही भांडायला तयार नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पास.

काठावर नाही, चांगल्या मार्कांनी. बाईंचा फोन संध्याकाळी पावणेसातला आला तेव्हा तिघंही विजेऱ्या बांधून तळघरात होतो. मी पहिल्या रांगेतल्या रिकाम्या ताटल्या पुसत होते, त्या तशाच हातात राहिल्या.

"अभिनंदन," बाई म्हणाल्या. "आता अटीचं सांगा. दिवे दिवसा, हो ना? आज हो म्हणालात तर सोमवारी सह्या."

फोन धाकट्यापुढे धरला. त्यानं तो घेतला, पण कानाला लावला नाही. माझ्याकडे बघत म्हणाला, "काल झोपलीस?"

"आता? इथे? बाई थांबल्यात फोनवर!"

"सांग ना. काल, परवा, तेरवा."

"झोपले. घोरलेसुद्धा असेन, एकटीला ऐकू येत नाही. आता बोल त्यांच्याशी!"

मग तो फोनमध्ये म्हणाला, "करतो मॅडम. आजच करतो."

धाकटी खाली बसली, जमिनीवरच, आणि तोंडावर ओढणी धरून रडायला लागली. करार झाला म्हणून कुणी इतकं रडतं का? मी पाठीवर हात फिरवला तर माझाच हात धरून बसली.

धाकट्यानं शिडी लावली. वर, छताशी दिव्यांच्या घड्याळाची पेटी आहे. तो चढला, झाकण उघडलं, पाठ माझ्याकडे. मी शिडी धरून खाली.

"काय रे, आणि तुझी रात्रीची स्वस्त वीज?"

"होती. आता दर बदलले."

"कधीपासून?"

पेचकस फिरायचा थांबला.

"रविवारपासून."

रविवारी वीज कंपनीचं कार्यालय बंद असतं. मी आरामखुर्चीकडे पाहिलं. तिच्यावरच्या जाड पांघरुणाकडे पाहिलं, त्याची घडी धाकटीच्या हातची. त्याच्या फोनवरची, बिघडू शकणारी ती घंटी आठवली, जी सहा महिन्यांत एकदाही बिघडली नाही. सहा महिने रात्रभर जळणाऱ्या त्या सगळ्या दिव्यांकडे पाहिलं. सात वाजून गेले होते आणि ते लागले नव्हते.

मग शिडीची पकड घट्ट केली आणि म्हटलं, "धाकट्या, वीज कंपनीला माझा नमस्कार कळव."

"कळवतो," तो म्हणाला. वळला मात्र नाही.